वामनच्या कागदावरची दहा छिद्रं

प्रफुल्ल सावे यांच्याइतका पक्क्या हाताचा माणूस माझ्या रेंजवर आजवर आला नाही, आणि त्यांच्यावर मी जितकी ओरडले तितकी दुसऱ्या कोणावर ओरडले नाही.

बोईसरच्या एमआयडीसीत एका बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्याची शेड माझ्याकडे आहे. एका टोकाला मातीचा उंच ढिगारा, त्याच्यापुढे पाच कागदी लक्ष्यं, दुसऱ्या टोकाला पाच टेबलं. इथे मी, तेजल, पिस्तूल चालवायला शिकवते. आवाज माझा चढा आहे. कान झाकून उभ्या असलेल्या माणसांना गोड आवाजात शिकवून दाखवा, मग बोला. येणारे बहुतेक कारखान्यांचे रखवालदार. सावेकाका मात्र केळव्याची सुपारीची वाडी सोडून यायचे, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी.

कारण त्यांचे वडील. तात्या सरपंच असताना त्यांना कोणीतरी धमकीचं पत्र पाठवलं, म्हणून त्यांनी परवाना काढून पिस्तूल घेतलं. पत्र पाठवणारा काही आला नाही. पिस्तुलातून पंचावन्न वर्षांत एक गोळी सुटली नाही. ते तांदळाच्या डब्यात राहायचं, दसऱ्याला पाटावर बसून हळदकुंकू लावून घ्यायचं, आणि निवडणूक लागली की नियमाप्रमाणे ठाण्यात जमा व्हायचं. काका म्हणायचे, "आमच्या घरातून सगळ्यांत जास्त वेळा पोलीस ठान्यात त्येच गेलंय." गेल्या वर्षी तात्या वारले, पिस्तूल पुन्हा ठाण्यात गेलं आणि तिथेच राहिलं. वारसाला परवाना हवा असेल तर चालवता येत असल्याचा दाखला आणा, दसऱ्याच्या आत, नाहीतर ते कायमचं सरकारजमा. दाखला देणारी मी. दहा गोळ्या झाडायच्या, सात काळ्या गोलात हव्यात, संधी तीन.

"म्याडम, मला ते चालवायचं नाय," काका पहिल्याच दिवशी म्हणाले. "दसऱ्याला पाटावर नुस्तं बसवायचं हाय. तात्यांचा हात लागलेली तेवढी एकच वस्तू उरलीय."

ते एवढं बोलत होते, आणि मी नेमकी त्याच वेळी त्यांचे पाय चुकीचे पडलेत म्हणून खेकसत होते.

विद्यार्थी म्हणून माणूस गुणी. पकड कशी, खांदा कुठे, श्वास अर्धा सोडून कधी थांबायचं, एकदा सांगितलं की झालं. नळीच्या टोकावरच्या बारीक खुंट्याला आम्ही माशी म्हणतो. नजर माशीवर ठेवायची, लक्ष्य धूसर दिसलं तरी चालेल, हे रखवालदारांना महिनाभर समजत नाही. काकांना दुसऱ्या दिवशी समजलं. घरी पिस्तूल नाही म्हणून त्यांनी झावळीच्या देठाचं एक कोरलं. चाप ओढताना हात हलतो का ते पाहायला नळीवर नाणं ठेवतात. काका अर्धी कातरलेली सुपारी ठेवायचे. त्यांच्या पत्नी शैलाकाकूंनी मला फोनवर सांगितलं, "तासभर ओटीवर उभे असतात. सुपारी पडत नाय, च्या गार होतो."

मग खऱ्या गोळ्यांचा दिवस आला. काकांनी पाच झाडल्या. त्यांचा कागद कोरा. शेजारच्या कागदावर मात्र अगदी मधोमध, एका वाटीखाली झाकतील अशी पाच छिद्रं. पलीकडचा रखवालदार मिथुन हसत म्हणाला, "मैडम, काका तो पड़ोसी का मार रहे हैं."

तो कागद होता वामन राऊत यांचा. ते खरोखरच काकांचे शेजारी, केळव्यातही वाडीला वाडी लागून. वामनरावांकडे पिस्तूल नाही, परवाना नाही, कशाची गरजही नाही. पण सावेंनी बोअर मारली की राऊत बोअर मारतात, सावेंनी ओटीला लाद्या बसवल्या की राऊतांच्या ओटीला आठवड्यात लाद्या. सावे नेमबाजी शिकतात म्हटल्यावर राऊत घरी बसणं शक्यच नव्हतं. ते चाप ओढताना डोळे मिटायचे, आणि त्यांच्या सगळ्या गोळ्या न चुकता मातीच्या ढिगाऱ्यात जायच्या.

दोघं वीस वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण एका माडाचं. बुंधा सावेंच्या वाडीत, पण माड वाढला तो राऊतांच्या वाडीवर वाकून. नारळ पडायचे ते थेट तिकडे. जे बोलायचं ते आता माझ्यामार्फत बोलायचे.

"म्याडम, त्या गोळ्या माज्या हायत," काका म्हणाले.

"म्याडम, त्याला सांगा," वामनराव म्हणाले, "माज्या हद्दीत पडलं ते माजं."

काकांचा चेहरा उतरला. हेच वाक्य ते वीस वर्षं बांधावरून ऐकत होते. आणि दुर्दैव असं की ते माझ्या भिंतीवरही होतं. रखवालदारांची भांडणं मिटवायला मीच लाल ऑईलपेंटने लिहून ठेवलेलं: छिद्र ज्याच्या कागदावर, गुण त्याचे.

मला वाटलं, काकांच्या डोळ्यांत दोष असेल. वामनरावांना डावीकडून उजवीकडे हलवलं. गोळ्या उजवीकडे गेल्या. मध्ये दोन टेबलं मोकळी सोडली. गोळ्या दोन टेबलं ओलांडून गेल्या. काकांच्या स्वतःच्या कागदावर मी मोठ्या अक्षरात "वामन" लिहून पाहिलं, तर म्हणाले, "पन वामन तितं नाय ना." मी डोक्याला हात लावला. असला रोग कुठल्याही पुस्तकात नाही.

पहिल्या परीक्षेत काकांनी दहापैकी नऊ गोळ्या काळ्या गोलात मारल्या आणि वामन राऊत पास झाले. नियम माझाच, त्यामुळे चडफडत का होईना, दाखला मला द्यावा लागला. वामनरावांनी त्याला काचेची फ्रेम केली आणि ओटीवर अशी लावली की काकांना रोज दात घासताना दिसावी.

दुसऱ्या परीक्षेला मी शहाणपणा केला. काकांना एकट्यालाच बोलावलं. शेजारी कोणीच नाही म्हटल्यावर त्यांच्या दहाही गोळ्या ढिगाऱ्यात गेल्या. एकाही कागदाला ओरखडा नाही.

"करताय काय तुम्ही?" मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या कारखान्याचा रखवालदार डोकावून गेला.

काकांनी पिस्तूल रिकामं करून, नळी ढिगाऱ्याकडे ठेवून, नीट टेबलावर ठेवलं. मग स्टुलावर बसले. "वीस वर्षं, म्याडम. नारळ पडला का धप्प करून आवाज येतो, आनि मी तिकडं बगतो. आता मान सरळ राहतच नाय." पुढे म्हणाले, "लहानपनी दसऱ्याला तात्या आमा दोगांना पाटाजवळ बसवायचे. पिस्तुलाला पयला हात वामननं लावायचा. तो सा महिन्यांनी मोटा ना. माडाचं झालं तवापासून आला नाय."

मला वाईट वाटलं. राग आलेला असताना वाईट वाटलं की मला काही सुचत नाही, म्हणून मी टेबलं पुसत बसले.

शेवटची परीक्षा शुक्रवारी होती, दसरा रविवारी. वामनरावांशिवाय काकांचा नेम लागत नव्हता, आणि वामनराव आले तर गुण तेच घेऊन जाणार. तरी मी फोन केला. त्यांना खरं तेच सांगितलं, कारण खोटं बोलताना माझा आवाज आणखी चढतो. काका नापास झाले तर पिस्तूल गेलं, तुम्ही शेजारी उभे राहा. पलीकडून फोन ठेवला गेला.

शुक्रवारी ते आले. इस्त्रीचा सदरा घालून, जणू लग्नाला निघालेत. माझ्याकडून दहा काडतुसं मोजून घेतली आणि काकांच्या डावीकडे उभे राहिले. मी मनात म्हटलं, संपलं.

"सुरू करा."

गोळ्या सुटू लागल्या, पलीकडे मिथुनच्याही. मी काकांच्या मनगटाकडे बघत होते. इतका सुंदर हात, जरासुद्धा हलत नव्हता. दहा झाल्या. कागद आणले. काकांचा कोरा. वामनरावांच्या कागदावर दहा छिद्रं, दहाही काळ्यात. काकांनी भिंतीवरची लाल अक्षरं एकदा वाचली आणि मान खाली घातली.

"म्याडम," वामनराव म्हणाले, "हितं बगा."

त्यांच्या टेबलावर दहा काडतुसं ओळीने उभी होती. एकही झाडलेलं नव्हतं.

"मोजा. मी एक बी मारली नाय. मग ती छिद्रं माजी कशी व्हतील?"

"तुमच्या हद्दीत पडलीत," मी म्हणाले. माझी जीभ अशीच आहे.

वामनरावांनी काडतुसं एकेक करून माझ्या हातात परत दिली. काकांनी मान वर केली होती. मिथुननेसुद्धा कानावरचं काढून हातात धरलं होतं.

"पडली मनून माजी व्हत नाय," वामनराव म्हणाले.

मी तिथल्या तिथे काकांचा दाखला लिहिला. भिंतीवरचा नियम दुसऱ्या दिवशी घासायला घेतला, पण ऑईलपेंट निघत नाही. शेवटी त्याच्यावर कॅलेंडर लावलं.

दसऱ्याला काकूंनी मला केळव्याला जेवायला बोलावलं. पिस्तूल ठाण्यातून आलं होतं, पाटावर बसलं होतं, झेंडूची माळ घालून. पूजा सुरू होणार एवढ्यात वामनराव दारात उभे. हातात न सोललेला नारळ. काकांनी तो घेतला आणि उलटापालटा करून पाहिला.

"ह्यो आमच्या माडाचा."

"पडला माज्या वाडीत."

"मग?"

"मग काय? आनला ना."

काका जरा बाजूला सरकले आणि पाटाजवळ जागा केली. "बस. पयला हात तुजा. मोटा हायस तू."

वामनरावांनी आधी दोन्ही हात लेंग्याला पुसले.