हाउसफुल्ल टॉवेल

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या एसटी स्टँडवर शोभना खटावकरांनी निवृत्त होईपर्यंत गाड्या पुकारल्या. वीज गेली की माइक बंद पडायचा, पण ते शोभनाताईंशिवाय कुणाच्या लक्षातही यायचं नाही. "कराड गाडी फलाट तीनवर लागलेली आहे" हे बाजारपेठेच्या पार टोकाला ऐकू जाई आणि तिथून माणसं पिशव्या सावरत धावत सुटत. आपण बोलावं आणि लोकांनी पळावं, हे सुख त्यांनी भरपूर उपभोगलं होतं.

थोरला चारुदत्त जर्मनीत नेकारसुल्मला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. आईवडिलांनी एक हिवाळा तरी आपल्याकडे काढावा, असा त्याचा कैक वर्षांचा हट्ट. शेवटी तीन महिन्यांच्या व्हिसावर शोभनाताई आणि राजाभाऊ येऊन दाखल झाले, आणि पहिल्याच रविवारी सकाळी शोभनाताईंनी गॅलरीतून विचारलं, "अहो, चहा टाकू का?"

समोरच्या इमारतीतल्या खिडक्या एकामागून एक बंद झाल्या.

"आई, हळू!" चारुदत्त धावत आला. "आज रूहेटाग आहे. रविवारी इथे आवाज चालत नाही. भिंतीत खिळासुद्धा ठोकायचा नाही."

"मी कुठं खिळा ठोकला? चहाच विचारला की."

पंधरा दिवसांत त्यांचा आवाज घरातल्या घरातही उतरला. सूनबाई नंदिनीच्या ऑफिसच्या मीटिंगा घरूनच चालायच्या, त्यामुळे आठवड्याचे दिवसही शांततेचेच. राजाभाऊंना मात्र हा देश फार आवडला. बायको हळू बोलते असा देश त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता.

आजीची कीव आली ती नातीला. अन्वी गावातल्याच होखशूलमध्ये, म्हणजे तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकत होती आणि कॉलेजच्या मुलींच्या संघातून बास्केटबॉल खेळत होती. मराठी तिला सगळं समजे, पण उत्तर देताना वाक्य मध्येच जर्मनमध्ये घसरे. ती म्हणाली, "आजी, रविवारी आमचा श्पील आहे, मॅच. तू ये. तिथे ओरडलेलं चालतं. आल्झो, ओरडायलाच पाहिजे."

शोभनाताईंनी ठेवणीतली साडी काढली.

हॉल प्रशस्त होता. दोन्ही बाजूंना निळ्या खुर्च्यांच्या रांगाच रांगा, आणि त्यात माणसं तीन. एक कप्तानाची आई, विणकाम करत बसलेली. एक कुणाचा तरी मित्र, मोबाइलात डोकं घातलेला. तिसरे हाउसमाइस्टर हेर हेबर्ले; हेर म्हणजे तिथले श्रीयुत. इमारतीची सगळी देखभाल त्यांच्याकडे, त्यामुळे ते प्रेक्षकांत धरायचे की नाही हा प्रश्नच होता. तिकीट काही नव्हतं. या आणि बसा.

खेळ सुरू झाला. अन्वीच्या हातात बॉल आला आणि ती गोंधळून उभी राहिली. शोभनाताईंना राहवलं नाही.

"अगं अन्वे, ती उंच पोरगी रिकामी उभी हाय की डावीकडं! तिला दे!"

समोरच्या संघातल्या दोघी जागच्या जागी थबकल्या. उंच पोरीला बॉल मिळाला, बॉल जाळीत गेला. पंचांनी शिट्टी वाजवून खेळ थांबवला आणि हेर हेबर्लेंना विचारलं की खेळ चालू असताना लाउडस्पीकर लावायला परवानगी कुणी दिली. हेर हेबर्लेंनी बाईंकडे बोट दाखवलं. पंच जवळ आले, त्यांनी शोभनाताईंच्या हातात काही नाही ना याची खात्री करून घेतली आणि खेळ पुढे चालू केला. संघ त्या मोसमात पहिल्यांदाच जिंकला.

सामना संपल्यावर कप्तान योहाना त्यांच्याशेजारी येऊन बसली. ही मुलगी एक वर्ष अमेरिकेत शिकून आली होती. तिथे कॉलेजच्या खेळाला म्हणे हजारोंनी माणसं येतात, तिकिटासाठी पोरं मैदानाबाहेर तंबू ठोकून राहतात, आणि एकेका तिकिटाला शंभर शंभर डॉलर मोजतात. हे सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. अन्वीने ते जमेल तसं मराठीत केलं.

"शंभर डॉलर?" शोभनाताई म्हणाल्या. "मग बरोबरच आहे. तुमच्याकडं फुकट आहे म्हणून कोण फिरकत नाही. आणि रिकाम्या गाडीत चढायला कुणाला घाई असते? गाडी भरलेली दिसली की माणूस खिडकीतनं आत शिरतो. तिकीट लावा. आणि जागा धरून ठेवा."

"कुणासाठी?" अन्वीने विचारलं.

"कुणासाठी म्हणजे? कुणासाठी नाही. नुसत्या धरायच्या."

पुढच्या सामन्याच्या दोन दिवस आधी तिकीट लागलं, पाच युरो. आणि शोभनाताईंनी राजाभाऊंच्या सगळ्या रुमालांची चळत उचलून नेऊन हॉलमधल्या पहिल्या रांगेत एकेका खुर्चीवर एकेक रुमाल पसरला. राजाभाऊ घरी नाक पुसायला टिश्यूपेपर शोधत राहिले.

कॉलेजातले एक प्राध्यापक हॉलवरून चालले होते. त्यांनी आत डोकावून पाहिलं. रुमाल पाहिले आणि ते दारातच थांबले. आत येऊन अत्यंत गंभीरपणे त्यांनी शोभनाताईंना काहीतरी विचारलं. शोभनाताईंना जर्मनचे दोनतीन शब्द येत होते, ते त्यांनी वापरले.

"या, या. गेनाऊ. फुल्ल." म्हणजे हो, हो, अगदी बरोबर, फुल्ल.

प्राध्यापकांचा चेहरा पडला. त्यांनी लगबगीने तिकीट घेतलं आणि दुसऱ्या रांगेत मधोमध आपला मफलर अंथरला. जाताना दोनदा मागे वळून तो जागेवर आहे ना ते पाहिलं.

इथून पुढे जे झालं त्याची शोभनाताईंना कल्पना नव्हती, आणि असणार तरी कशी? आपल्याकडे रुमाल टाकून जागा धरणं ही एक खटपट असते. दुसरा येऊन तो रुमाल उचलतो, भांडण होतं, कंडक्टर मध्ये पडतो. इथल्या माणसांचं तसं नव्हतं. सुट्टीला समुद्रकाठी गेलं की पहाटे उठून आरामखुर्चीवर टॉवेल टाकायचा आणि मग निवांत न्याहारीला जायचं, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. अंथरलेला टॉवेल त्यांच्या लेखी खुद्द मालकच. त्याला हात लावायचा नसतो. प्राध्यापकांच्या मफलरची बातमी गावात पसरली, आणि शनिवारी संध्याकाळपर्यंत लोक तिकीट घेऊन, काखेत टॉवेल मारून हॉलवर येऊ लागले. पट्ट्यापट्ट्यांचे, फुलाफुलांचे, कुणाकुणाच्या नावाचे. दोन टॉवेलांमधलं अंतर कमी पडलं म्हणून दोन गृहस्थांची बोलाचाली झाली, ती हेर हेबर्लेंनी मोजपट्टी आणून मिटवली.

दारावर 'सर्व तिकिटे संपली' अशी पाटी लागली. योहाना त्या पाटीखाली उभी राहून रडली.

रविवारी सामन्याची वेळ झाली. हायडेलबर्गच्या युनिव्हर्सिटीचा संघ आला. दिवे लागले. शोभनाताई आपल्या जागेवर बसल्या, आज राजाभाऊही सोबत होते. त्यांनी आजूबाजूला पाहिलं.

हॉल टॉवेलांनी खच्चून भरला होता. माणूस एकही नव्हता.

"अहो, कुठं गेली सगळी?" शोभनाताईंनी विचारलं.

"जागा मिळाली म्हटल्यावर येतील कशाला?" राजाभाऊ म्हणाले. "घरी बसली असतील निवांत."

हे अगदी खरं निघालं. अन्वीने प्राध्यापकांना फोन लावला. ते म्हणाले, "माझी जागा राखीव आहे. मी केव्हाही येऊ शकतो. फार समाधानाची भावना आहे ही." आणि त्यांनी फोन ठेवला.

एवढ्यात कॉलेजातली दहाबारा मुलं खरोखर खेळ बघायला आली. हेर हेबर्ले दारात आडवे झाले. सगळ्या जागा गेलेल्या आहेत. मुलं म्हणाली, त्या तर रिकाम्या दिसतात. हेर हेबर्ले म्हणाले, टॉवेल दिसत नाहीत का? मुलं म्हणाली, मग मागे उभे राहतो. हेर हेबर्ले म्हणाले, उभं राहायला अग्निशमनाच्या नियमाने मनाई आहे. मुलांना ते पटलं. ती परत गेली.

खेळ सुरू झाला तो शांततेत. हायडेलबर्गच्या मुली भराभर पुढे गेल्या. शोभनाताई उठल्या, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडल्या, "अन्वे, पळ!"

आवाज पुढे गेलाच नाही. इतक्या खुर्च्यांवरच्या इतक्या कापडाने तो शोषून घेतला. समोरून काही परत आलं नाही. जन्मात पहिल्यांदा आपला आवाज असा मऊ पडलेला त्यांनी ऐकला. अन्वीने तर मान वळवूनही पाहिलं नाही.

त्या मटकन खाली बसल्या.

"मीच सांगितलं होतं जागा धरा म्हणून," त्या राजाभाऊंना म्हणाल्या. "पोरींचं वाटोळं केलं मी."

राजाभाऊंनी विचारलं, "तुझ्या स्टँडवर गाडी लागली आणि माणसं टपरीवर चहा पीत बसली, तर तू काय करायचीस?"

मध्यंतराची शिट्टी झाली. शोभनाताई पदर खोचून तरातरा हॉलच्या मोठ्या दारापाशी गेल्या आणि त्यांनी ती दोन्ही दारं सताड उघडली. बाहेर रविवारची दुपार होती. रस्ता सुना, खिडक्या बंद, झाडावरचं पाखरूसुद्धा नियमात बसलेलं. त्यांनी आत वळून टॉवेल पाहिले, मग गावाकडे तोंड केलं आणि पुकारा केला.

"पिवळ्या पट्ट्याचा टॉवेऽल! अस्वलाच्या चित्राचा टॉवेऽल! प्राध्यापकसाहेबांचा मफलऽर! लवकर जागेवर या, गाडी सुटायच्या बेतात आहे!"

अन्वी मागून धावत आली. "आजी, रूहेटाग! पोलीस येतील!"

"तिकीट काढून आले तर येऊ देत."

त्या पुकारत राहिल्या. हिरवा टॉवेल, फाटका टॉवेल, जहाजाचा टॉवेल. आधी एक खिडकी उघडली, मग दहा. मग दारं उघडली. लोक बाहेर पडले, कुणी सपाता घालून, कुणी हातात काट्यावरचा केक तसाच घेऊन, आणि रागाने लाल होऊन हॉलच्या दिशेने निघाले. पुकाऱ्याचं अक्षरही त्यांना कळलं नव्हतं. रविवारच्या शांततेचा भंग झाला म्हणून ते तक्रार करायला आले होते.

सगळ्यांत पुढे फ्राऊ वाल्झर नावाच्या एक आजी. काठी आपटत त्या हेर हेबर्लेंसमोर उभ्या राहिल्या. "मला तक्रार नोंदवायची आहे!"

"तिकीट आहे?" हेर हेबर्लेंनी विचारलं.

होतं.

"मग आपल्या जागेवर बसा. खेळ सुरू होतोय. तक्रारी खेळ संपल्यावर."

नियम म्हणजे नियम. फ्राऊ वाल्झर जाऊन अस्वलाच्या टॉवेलवर बसल्या. त्यांच्या मागून आलेले गृहस्थ पिवळ्या पट्ट्यांवर बसले. प्राध्यापक मफलरवर बसले. ज्याचं त्याचं कापड ज्याच्या त्याच्या बुडाखाली गेलं आणि शोभनाताईंना हॉलमध्ये पुन्हा आवाज घुमू लागल्याचं जाणवलं.

लोक आधीच चिडलेले होते. ते शोभनाताईंकडे बघून ओरडू लागले. शोभनाताई त्यांच्याकडे बघून ओरडल्या. मैदानावरच्या मुलींना वाटलं, हे आपल्यासाठीच चाललंय. योहानाने तर एकदा पळता पळता लोकांना वाकून नमस्कार केला. मग पंचांनी अन्वीवर फाउल दिला, तो साफ चुकीचा होता, आणि तक्रार करायला आलेल्या त्या सबंध जमावाला एकाच वेळी तक्रार करण्यासारखं काहीतरी खरोखरच सापडलं. सगळे उभे राहिले. हेर हेबर्लेही उभे राहिले आणि आपण उभे आहोत हे ध्यानात येताच खाली बसले.

सामना हरले, पण थोडक्यात. कुणी जागचं हललं नाही, कारण तक्रारी राहिल्या होत्या. हेर हेबर्लेंनी रांग लावली. फ्राऊ वाल्झरचा नंबर पहिला. त्या म्हणाल्या, "आल्झो, पंच आंधळा आहे." हेर हेबर्लेंनी ते टिपून घेतलं. पुढचे गृहस्थही तेच म्हणाले. आवाजाची तक्रार करायचं कुणाच्याच डोक्यात राहिलं नव्हतं.

पुढच्या रविवारी माणसं वेळेवर आली. येताना टॉवेल आणले आणि त्यांवर स्वतः बसली. पाचाचं तिकीट सहा झालं तरी कुणी कुरकुरलं नाही. सहा युरोत रविवारी दुपारी मनसोक्त ओरडायला मिळणारी दुसरी जागा गावात नव्हती. चारुदत्तला कारखान्यात सायबाने बाजूला घेऊन विचारलं, तुमच्या आईच्या शेजारची जागा मिळेल का?

खटावकरांच्या परतीच्या आधी शेवटचा सामना होता हायडेलबर्गला, शनिवारी. गावाने बस केली. हायडेलबर्गच्या हॉलमध्ये तिकीट नव्हतं, खुर्च्यांवर काही अंथरलेलं नव्हतं. आपली मंडळी दारातून आत आली आणि थांबली.

"कुठे बसायचं?" प्राध्यापकांनी तिथल्या पोराला विचारलं.

"कुठेही."

"कुठेही म्हणजे नेमकं कुठे?"

पहिला क्वार्टर संपत आला तरी सगळे टॉवेल काखोटीला मारून जिन्यात उभेच होते. कुणाची जागा कुठली हे ठरवणारं कुणी नसल्यामुळे बसणं त्यांना शक्यच नव्हतं. अखेर शोभनाताई शांतपणे मधल्या रांगेत गेल्या, एका खुर्चीवर बसल्या आणि शेजारच्या खुर्चीवर थाप मारून त्यांनी फ्राऊ वाल्झरना बोलावलं. मग बाकीचे त्यांच्या आजूबाजूला, पुढेमागे, दाटीवाटीने बसले. पलीकडचा सबंध हॉल मोकळा होता, तिकडे कुणी गेलं नाही.

एका गुणाने हरले. शेवटच्या क्षणी अन्वीने टाकलेला बॉल कड्यावर फिरला, फिरला आणि बाहेर पडला. फ्राऊ वाल्झर काठी उगारून उठल्या आणि पंचांना उद्देशून काहीतरी लांबलचक बोलल्या. ते इतकं जोरदार होतं की पंच वाकून बूट बांधू लागले.

"काय म्हणाल्या गं?" बसमध्ये बसल्यावर शोभनाताईंनी नातीला विचारलं.

अन्वी कानापर्यंत लाल झाली. "आजी, ते मराठीत नाही येत."

"येतं," शोभनाताई म्हणाल्या आणि फ्राऊ वाल्झरना डब्यातली चकली दिली.