रोडवरचा तरोटा

धुरपताबाईच्या तोंडी लागू नये, हे बिरसीजवळच्या त्या गावात शेंबडं पोरही सांगेल. पण तिच्याच पोटी जन्मलेल्या मोनालीने जावं कुठे? मायलेकींचं कधी पटलं नव्हतं, आणि यंदा तर भांडणाचं मूळ अंगणातच उभं होतं. मोनालीचं मशीन!

आयटीआय करून आलेल्या या पोरीने धान झोडायचं पायाने फिरवायचं जुनं यंत्र मिळवलं आणि कुडव्याची मैत्रीण आचल हिच्या मदतीने ते तरोट्याच्या शेंगा मळण्याजोगं केलं. शेजारी बिया भाजायला दांड्याने फिरणारं पत्र्याचं पिंप. पिंपाखाली जळण तरोट्याच्याच भुशाचं, जो लोक वाऱ्यावर सोडून देतात. भाजलेल्या बिया दळल्या की झाली कॉफी. तरोटा म्हणजे बांधावर माजणारं तण. कोवळा असला तर भाजी, वाळला की बिया व्यापाऱ्याला. त्याची कॉफी म्हटल्यावर गाव खो खो हसलं.

धुरपता हसली नाही. तिने चारचौघांत भंगारवाल्या टेकचंदला सांगून टाकलं, "मंडईत लोकायनं हिची काफी पेली तं ठीक. नाही तं दुसऱ्या दिवशी हे लोखंड उचलून ने." दिवाळीनंतरची गावची मंडई, म्हणजे जत्राच, तोंडावर आली होती.

मोनालीने शेंगा तोडून अंगणात वाळत घातल्या आणि पिंपाचा निखळलेला दांडा जोडून आणायला ती कुडव्याला गेली. परतली तर शेंगा गायब. ओसरीत बियांचं पोतं, आणि शेजारी माय पाय पसरून बसलेली.

"तुह्या मशीनची गरजच नाही पडली," धुरपता म्हणाली. "डांबरी रोडवर पसरवला. टरक गेले, ट्रॅक्टर गेले, फुकटात मळून झाला."

साऱ्या गावाची हीच रीत. शेंगा रोडवर पसरायच्या, चाकांनी मळायच्या, भुसा वाऱ्याने न्यायचा. व्यापारीही खड्यामातीसकट घेतो. मोनालीने मूठभर बिया नाकाशी नेल्या. डांबर, डिझेल, शेण. आणि जळणाचा भुसा केव्हाच शेताशेतांत उडून गेलेला.

"माय, तू माहा सत्यानाश केला! काऊन हात लावला? हे पाजू का लोकायले?"

"आमी जनमभर असाच केला. तूच मोठी शिकेल हायस!"

वरून बिरसीच्या वैमानिक शाळेचं विमान घरघरत गेलं. धुरपताने त्यालाही एक शिवी हासडली.

मोनालीला इतका राग आला की रडूही येईना. मागच्या खेपेचा टोपलीभर भुसा उरला होता. तो तिने पिंपाखाली पेटवला, त्याच बिया भाजल्या, दळल्या, उकळल्या आणि कप मायपुढे आदळला. "घे, पे. पाहू दे मले."

हार मानेल ती धुरपता कसली! तिने घोट घेतला. दाताखाली कचकन खडा आला, तो लेकीलाही ऐकू गेला. तोंड वाकडं झालं, डोळ्यांत पाणी आलं, पण बाईने कप तळापर्यंत रिकामा केला आणि म्हणाली, "बेस हाय."

नव्या शेंगा तोडून वाळवायला दिवस उरले नव्हते. मंडईत मोनालीने दुकान लावलंच नाही. लोकांना तसलं पाजायची तिला लाज वाटली. रात्री दंडारीचा नाचगाण्याचा खेळ रंगला, आकाशपाळणे फिरले, आणि ही घरात तोंड लपवून बसली. दुसऱ्या दिवशी टेकचंद हातगाडी घेऊन दारात हजर. मोनाली जागची उठलीही नाही. मायचा शब्द साऱ्या गावाने ऐकला होता.

टेकचंदने मशीनला हात घातला, तशी धुरपता खराटा घेऊन अंगणात आली.

"हात काढ गा."

"अवो बाई, तुमीच तं म्हटलं. लोकायनं कोठी पेली काफी?"

"मी पेली ना! माह्या दातात तो खडा अजून रुतून हाय. निंघ येथून!"

टेकचंद गाडी वळवतो न वळवतो तोच ती लेकीकडे फिरली. "आन तू काय पाहून राहिली? विळा घे. नाल्याकाठचा तरोटा अजून उभाच हाय. आन रोडवर टाकशीन, तं तंगडं तोडीन तुहं."