शिबिरात दाबलेला खोकला

अख्तरचाची आमच्या शेजारी राहते. इस्लामपुरातल्या आमच्या गल्लीत तिनं शिवलेली गादी नाही असं घर सापडायचं नाही. जैनुद्दीनचाचा कापूस पिंजायचे, चाची गाद्या शिवायची. जन्मभर नाकातोंडात कापूस गेला आणि म्हातारपणी चाचांना दम्यानं गाठलं. त्यातच यंदा दोघांचा हजला नंबर लागला, आणि चाचीच्या डोक्याचा पार भुगा झाला.

घरी येईल तो सल्ला देऊन जायचा. लस घेतल्यावर आंबट खाऊ नका. तिकडं पाणी भरपूर प्या. पाणी बेतानं प्या, संडासाला रांगा असतात. चाची सगळ्यांनाच ‘व्हय’ म्हणायची. चाचांनी मात्र एकच सल्ला घट्ट धरला: आजार सांगितला की नाव कटतं. हा शहाणा मला सापडला असता तर त्याला चांगलंच फैलावर घेतलं असतं.

हजला जाणाऱ्यांच्या लसीच्या शिबिराला सांगलीला मीच त्यांना गाडीतून नेलं. चाचा वाटभर ज्येष्ठमध चघळत खोकला दाबत होते. दम्याचा पंप चाचीच्या पिशवीत, तळाशी.

नर्सनं चाचीला आ करायला सांगितलं.

“हे तर पोलिओचं! बारक्या पोरांचं! आवं बाई, माझं वय तर बघा.”

“हजला जाणाऱ्या सगळ्यांना देतात, आजी.”

चाचीनं थेंब घेतले आणि शाईसाठी करंगळी पुढं केली. मला हसू आवरेना.

मग डॉक्टरीणबाईंनी चाचांना विचारलं, “दम लागतो का? काही औषध चालू आहे?”

“काय न्हाई.” श्वास रोखून त्यांचा चेहरा लाल झाला होता.

चाची एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत राहिली. बोलावं तर हज जाईल. गप्प राहावं तर माणूस जाईल. आणि खोटं बोलून अल्लाच्या घरी जायचं तरी कसं? शेवटी तिनं पंप काढून टेबलावर ठेवला.

“जिना चढला तरी जीव घाबरा हुतोय त्यांचा.”

चाचांचा खोकला फुटला तो थांबेना. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, एक्स-रे लिहून दिला. “जाता येईल की नाही, ते एक्स-रे बघून सांगते. पण लपवून गेला असतात तर त्या उन्हात, गर्दीत कठीण होतं.”

बाहेर येऊन चाचा चाचीकडं पाठ करून बाकावर बसले.

“तितं मरण आलं असतं तर लय नशीबवान म्हणले असते लोक. तुला काय कळतंय?”

“मला न्हाई कळत,” चाची म्हणाली. “मी बरुबर केलं का चुकले, ते बी न्हाई कळत. तितं गेला तर नशीब तुमचं. पर मी एकटीनं परत कसं यायचं? आन् घरात येऊन करायचं काय?”

चाचा तिच्याकडं वळून म्हणाले,

“एक्स-रे कुटं काढत्यात, इचार जा.”