एकही ठिगळ सापडलं नाही

स्वस्त तिकिटांच्या त्या विमान कंपनीत सीटची फाटकी कव्हरं शिवायची एक खोली होती, आणि तिथे मावशींचा शब्द चाले. वैमानिकसुद्धा त्यांना मावशीच म्हणत. प्रवाशांच्या पट्ट्यांच्या बकलांनी, पोरांच्या पेन्सिलींनी कव्हरं फाटत. मावशी त्यांना ठिगळ लावून परत विमानात धाडत. "तिकीट फुकटात आणि गाद्या राजवाड्यातल्या, असं कुठं असतं का?" असं वर ऐकवत.

भाऊ अकाली गेला तेव्हा त्यांनी भावजयीला हाताला धरून इथंच आणलं. तिला सुई ओवतानाही घाम फुटायचा. ठिगळ जरा वाकडं दिसलं की मावशी सगळं उसवायला लावत, तोंड सोडत, आणि जेवताना स्वतःच्या डब्यातलं तिला वाढत. हळूहळू तिचा हात बसला, दोन्ही पोरं शाळेत जाऊ लागली.

पुढे कंपनी डबघाईला आली. एक परदेशी कंपनी निम्म्याहून जास्त हिस्सा घेणार, असं ठरत आलं. पाहुणे विमानं बघायला येणार म्हटल्यावर साहेब मावशींकडे धावले. "मावशी, लाज राखा."

मग काय विचारता! जुनी ठिगळं काढून नवी आतून लावली, धाग्याला धागा जुळवला. भावजयीची बोटं सोलवटली, तरी ती शिवत राहिली. पाहुण्यांनी सीटवरून हात फिरवला, मान डोलावली. व्यवहार झाला, तेव्हा शिवणखोलीने टाळ्या वाजवल्या.

आठवड्याभरात साहेब आले ते मान खाली घालून. "नवे मालक म्हणतात, कव्हरं धडधाकट आहेत, मग ही खोली कशाला? बंद करा."

"अहो, आम्ही शिवली म्हणून धडधाकट आहेत!"

"तेच सांगितलं मी. ते पुन्हा जाऊन बघून आले. त्यांना एकही ठिगळ सापडलं नाही."

मावशींचं काय, त्यांची निवृत्ती तोंडावर आली होती. पण भावजयीच्या पोटावर पाय आला, आणि तोही त्यांच्याच हट्टापायी. मशिनी न्यायला माणसं आली तेव्हा भावजय हळूच म्हणाली, "वन्सं, जरा वाईट शिवलं असतं तर राहिलो असतो ना?"

"मी राहू दिलं असतं का गं तसं?" मावशी म्हणाल्या, आणि इतक्या माणसांदेखत त्यांना रडू आवरेना.