खांद्यावरचा लाल उजेड

साडी नुसती उलगडून चालत नाही. गादीवर बसून खांद्यापासून हात फिरवायचा आणि ती अशी फेकायची, की पदर गिऱ्हाइकाच्या मांडीवर पडला पाहिजे. मांडीवर आलेली साडी बाई सहसा परत ढकलत नाही. कुहीकडच्या खेड्यांत गाठोडं वाहून साड्या विकल्या, मग शहरात महाल भागात दुकान टाकलं, ते याच उजव्या खांद्यावर. मागच्या वर्षी तो आखडला. कंगवा केसांपर्यंत पोचेना.

दिराला दुकानात मीच घेतलं होतं. तो गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "वहिनी, तुम्ही आता गल्ल्यावर बसा. साड्या मी दाखवून राहिलो ना." आणि माझ्या जागेवर बसला. हे मी अजून विसरले नाही.

फिजिओथेरपीवाली मुलगी व्यायामाआधी खांद्याजवळ लाल दिव्यांची पाटी लावायची. दहा मिनिटं. मी त्याच पैशांत वीस मागितली. ती नाही म्हणाली तसा माझा आवाज चढला. ती हसली. "काकू, हा काय सांबार-कोथिंबीर होय, भाजीवर फुकट मागाले? उजेड जास्त घेतला म्हणून जास्त गुण येत नाही."

वर आणखी मागून उपयोग नाही असा माल मी पहिल्यांदाच पाहिला.

डोळ्यांवर चष्मा ठेवायचा असे. एकदा मी तो जरासा वर केला. पडदा ओढलेला, खोलीभर लाल. माझी हिरवी साडी काळी दिसत होती. रंगात मला कोणी फसवत नाही. गिऱ्हाइकाला रंग दाखवायला मी साडी दारात उन्हात नेते. डावा हात पाटीसमोर धरला, तर बोटांच्या कडा आतून पेटल्यासारख्या झाल्या. चटका नाही, आवाज नाही, आणि उजेड मांसात शिरतोय. दिवे विझले तरी मी उठले नाही. त्या मुलीला वाटलं, मला झोप लागली.

दीड महिन्याने हात कपाळापर्यंत गेला. त्यात उजेड किती आणि व्यायाम किती, ते तिलाही नेमकं सांगता येईना.

त्याच आठवड्यात लग्नाचं गिऱ्हाईक आलं. मी गल्ल्यावरून उठले आणि दिराला म्हटलं, "सरका." साडी फेकली. पदर मांडीपर्यंत पोचला नाही, गुडघ्याशीच पडला. त्या बाईने वाकून तो स्वतःच जवळ ओढला. दीर काय तोंड करून बसला होता ते मी पाहिलंच नाही. मी माझ्या हाताकडे बघत होते.