नाथाजीचा सलाम
लढाई संपली आणि पाय गमावलेल्या शिपायांचं फुकट औषधपाणी सरकार बंद करणार, असं कळलं. ते चालू ठेवा म्हणून सांगायला गावानं माझ्या धाकट्या भावाला, नाथाजीला, साताऱ्याला धाडलं. पदक मिळालेला तो एकटाच. सोबत मी, थोरली बहीण. आणि ह्या शहाण्यानं काय करावं? कुबडी कचेरीच्या दारातच माझ्या हातात दिली, लाकडी पायावर ताठ उभा राहिला आणि साहेबाला कडक सलाम ठोकला.

साहेब खूश! "अरे, तू तर ठणठणीत आहेस. तुम्हा लोकांना दवाखाना कशाला हवा?"

बाहेर आलो तर लाकडी पायावरून रक्ताचा ओघळ. माझं डोकंच फिरलं; असा ताठ कशाला उभा राहिलास म्हणून झापलं त्याला. तो मात्र गोंधळून माझ्याकडं बघत राहिला.

"आक्का, मग सायबापुढं हुबं कसं ऱ्हायाचं आसतं गं?"