पारवा धूर

आण्णाप्पा मिस्त्रींच्या बायकोनं नवऱ्याचा धंदा बुडवला, असं आमच्या वडगावात बोलतात. बोलणाऱ्यांचं काय जातंय? यांतल्या एकानंही कधी इंजिनाचं हेड उचललेलं नाही, आणि मिस्त्रींच्या बायकोच्या, बायाक्काच्या जागी तर कुणी घटकाभरही उभं राहिलेलं नाही. आता मिस्त्री घरात बसून कांड्यांवर सूत भरतात. त्याला डोळे लागत नाहीत, बोटांना सवय झाली की झालं. आमची आणि त्यांची भिंत एकच आहे. जे घडलं ते बायाक्कानं मला स्वतः सांगितलं, आणि लोकांच्या बडबडीचा मला वीट आलाय, म्हणून हे लिहितोय.

आण्णाप्पा मूळचे आमच्यासारखेच विणकर. बापाचा माग होता, हेही त्यावरच बसायचे. पण खासबागेत कुणीतरी पिठाच्या गिरणीसाठी तेलाचं इंजिन आणलं, आणि ते बघायला गेलेला हा तरणा गडी परत मागावर नीट बसलाच नाही. इंजिन बसवायला आलेल्या फिटरच्या मागं मागं फिरून, त्याच्या शिव्या खाऊन काम शिकला. बाप पुढं कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलत नव्हता. पण बेळगावपासून निपाणीपर्यंत तेलाची इंजिनं वाढत गेली, आणि जिथं इंजिन तिथं आण्णाप्पा मिस्त्री असं होऊन बसलं.

त्यांचं नाव झालं ते धुरामुळं. दारात उभं राहून ते नुसते धुराकडं बघायचे आणि इंजिनाला हात लावायच्या आधी दुखणं सांगायचे. धूर काळा असेल तर तेल जास्त होतंय नाहीतर हवा कमी पडतेय; नोझल आणि हवेची जाळी साफ केली की काम भागतं. पांढरा असेल तर तेल न जळताच बाहेर पडतंय, किंवा आत कुठून तरी पाणी शिरतंय. आणि निळसर असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, वंगण वर चढून जळायला लागलंय. हे सगळ्यात वाईट. मग ते जडशीळ हेड, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण, उतरवायचं, पिस्टन ओढून काढायचा, रिंगा बदलायच्या आणि सगळं परत बसवायचं. अंगातला जीव काढून घेणारं काम. पण निळसर कुठला आणि काळा कुठला हे भल्याभल्यांना कळत नाही. मालकाला विचारावं तर तो म्हणणार, काळाकुट्ट धूर मारतंय. मालकांच्या लेखी सगळा धूर काळाच असतो.

दुसरी मोठी लढाई सुरू झाली, तेल परमिटावर गेलं. मिळेल ते गढूळ तेल लोक इंजिनात ओतायला लागले आणि इंजिनं जिकडंतिकडं धूर ओकायला लागली. मिस्त्रींना श्वास घ्यायला सवड नव्हती, आणि नेमके तेव्हाच त्यांचे डोळे गेले. एकदम नाही, हळूहळू. समोर ओलं फडकं धरल्यासारखं दिसतं, असं म्हणायचे. धूर आहे एवढं दिसायचं, त्याचा रंग दिसायचा नाही. डॉक्टरनं सांगितलं, मोतीबिंदू आहे, पण अजून पिकलेला नाही; पिकला की मिरजेला जाऊन काढून घ्या. तोवर पोटाला काय खायचं, हे काही डॉक्टर सांगत नाही. वासावरूनही थोडंफार कळतं म्हणे, पण जन्मभर निपाणीची तपकीर ओढून मिस्त्रींनी नाकाचीही वाट लावलेली. घरात दोघंच. मुली दिल्या घरी गेलेल्या. मिस्त्रीला दिसत नाही हे एकदा बाहेर फुटलं, की कोण कशाला बोलावतंय?

बायाक्का ही सूत रंगवणाऱ्याची लेक. लहानपणी कोपरापर्यंत हात रंगलेले असायचे, आणि शाळेचं तोंड न बघितलेल्या या बाईला एकाच काळ्या रंगाच्या चार छटा कळायच्या. एका संध्याकाळी ती दारात तांदूळ निवडत बसली होती. समोर गिरणीचं इंजिन चालू होतं. ती सहज म्हणाली, "आज गिरणीचा धूर पारवा दिसाय लागलाय."

मिस्त्री आत आडवे झाले होते, ते उठून बसले. "काय म्हणालीस? परत सांग."

"पारवा. निळीत जरा राख घातल्यागत."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री त्या गिरणीत गेले आणि इंजिनाकडं न बघताच म्हणाले, रिंगा गेल्यात. उघडून बघितलं तर खरंच गेल्या होत्या. तिथून पुढं बायाक्का त्यांच्याबरोबर जायला लागली.

काळ्या धुराला चंद्रकळा, निळसराला पारवा आणि पांढऱ्याला कोरं, असं दोघांचं ठरलं. मिस्त्री इंजिनापाशी थांबायचे. ती धुराड्याकडं एक फेरी मारायची आणि पाण्याचा तांब्या पुढं करताना हळूच एक शब्द बोलायची. मग मिस्त्री मान वर करून, डोळे बारीक करून, जणू आपणच बघतोय असं दाखवत दुखणं सांगायचे. लोक चेष्टा करायचे. "काय मिस्त्री, वैनीस्नी सोडून करमत न्हाय व्हय?" मिस्त्री हसायचे. "पथ्याचं जेवण हाय बाबा. दुसऱ्याच्या हातचं चालत न्हाय." असं बरेच दिवस निभलं. नवऱ्यामागं पिशवी घेऊन फिरणारी बायको बघून आमच्या गल्लीतल्या बायकांनी नाकं मुरडली, ती वेगळी.

पण डोळे उसने मिळाले म्हणून हात थोडेच उसने मिळतात? पिरनवाडीला एक इंजिन रिंगांचं निघालं. हेड उतरवताना मिस्त्रींचा हात सुटला. बोटं चेचायची ती थोडक्यात वाचली. तरी त्यांनी ते काम पुरं केलं. त्या दिवशी मी काही निरोप सांगायला त्यांच्या दारात गेलो, तर आत बायाक्का त्यांना भरवत होती. खांद्यापासून हात वर होत नव्हता, भाकरी मोडता येत नव्हती. एवढा मोठा माणूस, मान खाली घालून घास घेत होता. मला बघवलं नाही. निरोप न सांगताच मी मागं फिरलो.

असं असूनही निपाणीकडून मारुतीराव केदारींचा निरोप आला, तेव्हा मिस्त्रींनी हत्यारांची पिशवी काढली. मारुतीरावांचा वेदगंगेच्या काठावर ऊस, मळ्यातच गुऱ्हाळ, आणि उसाचा चरक इंजिनावर चालायचा. ऊस तोडून पडलेला आणि इंजिन ओढेना.

बायाक्का म्हणाली, "न्हाय म्हणून सांगा की. बरं न्हाय म्हणावं."

"एकदा न्हाय म्हटलं की दुसऱ्यांदा कोन बलवतंय गं?" ते म्हणाले.

त्या दिवसांत मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायचं. संकेश्वरच्या अलीकडं मिस्त्रीही उतरले आणि त्यांनीही हात लावला. बायाक्कानं पदर ओढून थांबवलं तरी ऐकलं नाही. मळ्यात पोचले तेव्हा घामानं आणि कोळशाच्या भुकटीनं चेहरा ओळखू येत नव्हता.

मारुतीराव बांधावरच भेटले. "आण्णा, लवकर बघा की ओ! नुसता काळाकुट्ट धूर मारतंय. ह्यो बघा ऊस, वाळाय लागलाय."

मिस्त्रींनी इंजिन चालू करायला सांगितलं. बायाक्का तांब्या घेऊन इंजिनाच्या खोपटामागं गेली, जिथं धुराडं बाहेर काढलेलं होतं.

"बघताक्षणी कळलं मला," ती मला म्हणाली. "पारवा. उगाच शंका घ्यायला जागाच न्हवती. तरीबी मी लई वेळ हुबी राह्यले. आता तरी दुसरं कायतरी दिसंल, आता तरी दिसंल, म्हणून बघत बसले."

ती परत आली, तेव्हा मिस्त्री उसाच्या मोळीवर बसले होते. डोळे मिटलेले, आणि डावा हात उजवा खांदा चोळत होता. तिनं तांब्या पुढं केला.

"चंद्रकळा," ती म्हणाली.

मिस्त्रींच्या तोंडावर जरा जीव आला. ते उठले, धुराकडं बघितल्यासारखं केलं आणि मोठ्यानं म्हणाले, "काळा हाय, मारुतीराव. काय भ्यायचं कारण न्हाय. नोझल साफ करतो, झालं."

नोझल काढलं, धुतलं, जाळी झटकली. सगळं बोटांनी चाचपून, पण बिनचूक. इंजिन पुन्हा सुरू झालं, गड्यांनी चरकात ऊस घातला, आणि मारुतीरावांनी काहिलीखालचा जाळ वाढवायला सांगितलं. पण दोन मोळ्या होईपर्यंत चरक पुन्हा कण्हायला लागला.

"मिस्त्री, हाय तस्संच की ओ!" मारुतीराव ओरडले.

मिस्त्रींनी बायाक्काकडं तोंड केलं. ती पुन्हा मागं जाऊन आली.

"कमी झालाय," ती म्हणाली. पण तिचा आवाज तिचा तिलाच ओळखू येईना.

मिस्त्रींनी इंजिन बंद करायला लावलं आणि धुराडं निवेपर्यंत बसून राहिले. मग भिंतीला हात लावत लावत स्वतः मागं गेले. बायाक्का त्यांच्या पाठोपाठ. एरवी ते असं कधी करत नसत; धुराडं चाचपताना कुणी बघितलं असतं तर दिसत नाही हे फुटलं असतं. त्यांनी धुराड्याच्या तोंडात बोट घातलं. काळा धूर असता तर हाताला कोरडी काजळी लागली असती. बोट तेलकट, चिकट होऊन बाहेर आलं. त्यांनी ते अंगठ्यावर घासलं, पुन्हा घासलं, आणि खांद्यावरच्या फडक्याला पुसलं. मागं वळून तिच्याकडं बघितलं नाही.

तिला वाटलं, आता हेड खोलायला पाने मागणार. अजून काही बिघडलं नव्हतं. रिंगाही गेल्यात म्हणून सांगितलं असतं, तर मारुतीरावांना काय कळणार होतं? हेड उतरवायला घेतलं असतं तर त्यांचं नाव राहिलं असतं, पुढची बोलावणीही आली असती. फक्त ते हेड उचलायचं होतं.

मिस्त्री खोपटाच्या पुढं आले. "मारुतीराव, रिंगा गेल्यात. आल्याआल्याच सांगाय पायजे हुतं. मला आता दिसत न्हाय. दुसरा मिस्त्री बलवा."

"चेष्टा करतायसा व्हय?"

"न्हाय."

"मग काळा हाय म्हणून कशावरनं सांगितलासा?"

बायाक्कानं तोंड उघडलं, पण मिस्त्रींनी हात आडवा धरला. "अंदाजानं सांगितलं. चुकी माझी हाय," ते म्हणाले.

मारुतीराव नको नको ते बोलले. त्यांना तरी काय दोष द्यायचा? तोडलेला ऊस आणि पेटलेली काहील समोर होती. शेवटी शेजारच्या मळ्यातला बैलांचा चरक मागायला ते तरातरा निघून गेले, आणि या दोघांना कुणी बसा म्हणालं नाही की जा म्हणालं नाही. निपाणीच्या पुढच्याच बाजारात सगळीकडं झालं, की वडगावचा मिस्त्री आंधळा आहे. त्यानंतर त्यांना एकही बोलावणं आलं नाही, आणि मिरजेला जायचंही राहूनच गेलं.

मळ्यातून निघून दोघं सडकेला आली आणि मोटारीची वाट बघत एका झाडाखाली बसली. बायाक्का म्हणाली, "आवं, मी खोटं सांगितलं. पारवाच हुता."

"ठाव हाय."

"रागावलासा?"

ती पुढं बोलत राहिली, रडत रडत. तुमचा खांदा बघवत न्हाय म्हणाली, ते हेड तुमच्या हातनं सुटंल म्हणून भ्याले म्हणाली, माझ्यामुळं तुमची अब्रू गेली म्हणाली.

"बाया," ते म्हणाले, "तू चंद्रकळा म्हणालीस न्हवं, तवा मला लई बरं वाटलं. पिस्टन काढाय नको म्हणून. इतकं बरं वाटलं गं, तवाच मला कळलं, माझ्यानं हे आता हुत न्हाय. मी लई दमलोय."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण 'दमलोय' हा शब्द त्यांच्या तोंडून तिनं तेव्हा पहिल्यांदा ऐकला, असं बायाक्का म्हणाली. मग भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, त्यांनी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि तसेच झोपी गेले. बाजारहून परतणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसत गेल्या. तिनं लाजून अंग काढून घेतलं नाही.

मोटार आली. ड्रायव्हरनं थांबवून हाक मारली, "बेळगाव काय ओ आक्का? चला लवकर, ही शेवटची हाय."

बायाक्कानं हातानंच सांगितलं, तुम्ही जावा.